सेठजींचं व्यवस्थापन

आमच्या सेठजींना शिक्षणाची ओढ लागली ती रायपूरच्या एका लग्नात. जेवणाच्या टेबलावर त्यांच्या शेजारी दुसरा एक राइस मिलवाला बसला होता आणि त्याच्या व्हिजिटिंग कार्डावर नावापुढे कसलीतरी इंग्रजी अक्षरं होती. सेठजींच्या कार्डावर नाव, मिलचा पत्ता आणि गणपती, एवढंच. गणपती विद्येची देवता असली तरी पदवी म्हणून चालत नाही, हे त्यांना त्या रात्री कळलं असावं. परत आल्यावर त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं, आपल्याला आता शिकायचं आहे. 'आपल्याला' हे मी आदरार्थी समजले. नंतर कळलं की ते अनेकवचनी होतं.

मी त्यांच्या मिलमध्ये मॅनेजर आहे. मिल गोरेगावच्या रस्त्यावर, मी राहते कुडव्याला, मधलं अंतर माझी स्कूटी आणि माझी कंबर मिळून कापतात. मिलचं काम समजायला सोपं आहे. धान आत येतं, तांदूळ बाहेर जातो, आणि या दोन घटनांच्या मधे जे काही बिघडतं ते माझ्या टेबलावर येतं. टेबलावर आलेलं मी सेठजींकडे नेते, कारण आमच्याकडे पोतं शिवायच्या सुतळीपासून ट्रकपर्यंत सगळ्या गोष्टींना सेठजींची मान्यता लागते. सेठजी विचार करतात. विचार करताना ते छताकडे बघतात. तेवढ्या वेळात बाहेर ट्रकचा ड्रायव्हर एक झोप काढून उठतो.

अभ्यासक्रमाचं नाव होतं 'कार्यरत व्यावसायिकांसाठी प्रगत व्यवसाय व्यवस्थापनातील पदव्युत्तर निरंतर शिक्षण'. गोंदियातल्या ज्या कॉलेजात तो सुरू होत होता त्यांनी फाटकावर बॅनर लावला होता, पण नाव इतकं लांब की शेवटचे शब्द कडुनिंबाच्या फांदीआड गेले होते. त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्याला 'कार्यरत व्यावसायिकांसाठी प्रगत' एवढंच दिसायचं. वर्ग शनिवार-रविवारी. अट एकच, पदवी हवी. सेठजी तरुणपणी बी.कॉम. झाले होते आणि त्यानंतर त्यांनी त्या पदवीला कधी त्रास दिला नव्हता. मी एम.कॉम. दोघांचीही फी मिल भरणार होती.

"मॅडम, लिखने का काम आप करना," सेठजी म्हणाले. "समझने का काम मैं करूँगा."

कामाची इतकी स्वच्छ वाटणी मी पुढे त्या अभ्यासक्रमाच्या कुठल्याही पुस्तकात वाचली नाही.

घरी सांगितलं तेव्हा माझ्या नवऱ्याने, जे स्वतः मास्तर आहेत आणि म्हणून शिक्षणाबद्दल त्यांच्या मनात कसलाच भ्रम नाही, एवढंच विचारलं की शनिवार-रविवारही मिललाच द्यायचा ठरला का. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "आता कायले शिकून राहिली वं? नोकरी त लागली ना." पण खरं सांगायचं तर मला आतून बरं वाटलं होतं. एम.कॉम. झाल्यावर कुणी माझ्यासाठी पुस्तक विकत घेतलं नव्हतं. मी बाजारात जाऊन नवी बॅग आणली, वह्या आणल्या, आणि आधीच्या रात्री पेन्सिलींना टोक करताना नवऱ्याने पाहिलं तेव्हा मीच उगाच त्यांना दटावल्यासारखं बोलले.

होळी झाल्यावर वर्ग सुरू झाले. बाकं एकोणीस-वीस वर्षांच्या सडपातळ पोरांसाठी बनवलेली होती, आणि सेठजी सडपातळ कधीच नव्हते. पहिल्या दिवशी ते बाकात शिरले, पण दुपारच्या सुट्टीत त्यांना बाहेर काढायला मला आणि एका पेट्रोलपंपवाल्याला मिळून बाक मागे ओढावं लागलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मिलमधली खुर्ची गाडीत घालून आणली आणि ती कूलरच्या समोर ठेवली. त्यामुळे कूलरची हवा त्यांना मिळायची आणि आवाज आम्हाला. सर काय शिकवतात ते मागच्या बाकांपर्यंत कधीच पोचलं नाही. मागच्या बाकांची तक्रारही नव्हती.

सर नागपूरहून रेल्वेने यायचे. वयाने सेठजींच्या धाकट्या मुलाएवढे, हुशार, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र. त्यांनी राइस मिल कधी पाहिली नव्हती, पण तिच्यात काय चुकतं हे त्यांना माहीत होतं. त्यांची सगळी उदाहरणं जपानच्या मोटारींची आणि अमेरिकेच्या कॉफीची असायची. वर्गातल्या निम्म्या लोकांनी कॉफी फक्त लग्नात प्यायली होती. तरी आम्ही सगळे मान हलवायचो. कॉफीच्या दुकानात गिऱ्हाईक का टिकतं हे मी तेव्हा इतकं मन लावून लिहून घेतलं आहे की उद्या गोरेगावच्या बाजारात असलं दुकान टाकायची वेळ आली तर मी तयार आहे.

सेठजी मात्र समजण्याचं काम मनापासून करत होते. शनिवारी जे समजलं ते सोमवारी मिलमध्ये लागू व्हायचं. एका सोमवारी ते अंगणात उभे राहून ओरडले, "ह्यूमन रिसोर्स कहाँ गया?" आणि मुकादमाने तितक्याच सहज उत्तर दिलं, "चाय पीने गया, सेठजी." मग ध्येयवाक्य आलं. प्रत्येक संस्थेला ध्येयवाक्य हवं असं सर म्हणाले, म्हणून सेठजींनी पेंटरला बोलावून फाटकावर 'ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय' असं लिहायला सांगितलं. पेंटरच्या डोक्यात मिल होती. त्याने लिहिलं, 'ग्राहकांचे समाधान हेच आमचे धान'. मी सेठजींना दाखवलं. त्यांनी छताकडे बघायची सवय म्हणून आभाळाकडे बघितलं आणि म्हणाले, "रहने दो. धान ही तो है." ते अजून तसंच आहे. नवी कार्डंही त्यांनी पहिल्याच महिन्यात छापून घेतली होती. अक्षरं नावापुढे, आणि अक्षरांच्या पुढे कंसात 'चालू'.

एकदा सरांनी सगळ्यांना आपापल्या संस्थेचा तक्ता काढायला लावला. वर मालक, त्याखाली मॅनेजर, त्याखाली इतर, प्रत्येकाला एक चौकोन. सेठजींचा तक्ता मी काढत होते आणि ते बघत होते. सगळे चौकोन भरले आणि एक माणूस उरला. तो म्हणजे सेठजींचे मेहुणे. मिलमध्ये त्यांना सगळे मामाजी म्हणतात. ते सकाळी येतात, सेठजींच्या उजव्या हाताला बसतात, सेठजी जे बोलतील त्याला "बिलकुल" म्हणतात आणि संध्याकाळी जातात. त्यांच्यामुळे कधी काही बिघडलं नाही आणि त्यांच्यामुळे कधी काही झालंही नाही.

सेठजींनी हात वर केला. "सर, इसमें साला कहाँ बैठेगा?"

वर्ग हसला, पण सेठजी गंभीर होते. सरांनी बराच विचार केला आणि म्हणाले की ठिपक्यांच्या रेषेने बाजूला एक चौकोन काढता येईल, त्याला सल्लागार म्हणावं. सेठजींचं समाधान झालं. सोमवारी मामाजींना सल्लागार झाल्याचं सांगण्यात आलं. मामाजी म्हणाले, "बिलकुल."

माझाही एक निबंध आठवतो. स्थानिक व्यवस्थापनाचं उदाहरण लिहा म्हणून सांगितलं होतं. माझं माहेर सौंदडजवळचं. आमच्या घराण्यातल्या लोकांनी पूर्वी गावोगाव तलाव बांधले, असं आम्ही जन्मल्यापासून ऐकतो. मी आमच्या गावच्या तलावावर लिहिलं. पाणी कुणाला आधी, कुणाला नंतर, पाळ म्हणजे तलावाचा बांध कोण दुरुस्त करणार, सगळं एकमेकांशी बोलून कसं ठरायचं, वगैरे. लिहिता लिहिता मलाच भरून आलं. मग वाटलं, खरं काय ते बाबांना विचारावं, म्हणून फोन केला. बाबा म्हणाले की पाण्याच्या बैठकीला ते स्वतः कैक वर्षांत गेले नाहीत, शेजारच्याने त्यांच्या बांधावरून पाट फोडल्यापासून दोघांचं बोलणं बंद आहे, आणि निम्म्या तलावात बेशरमीचं तण माजलं आहे. मी तो फोन निबंधात घेतला नाही. सरांनी निबंध आवडला म्हणून वर्गात वाचून दाखवला. अभ्यासक्रमातून मी जर काही शिकले असेन तर ते हेच, काय लिहायचं नाही.

पावसाळा संपत आला तेव्हा शेवटचा प्रकल्प आला. चार-चार जणांचे गट करून एका खऱ्या संस्थेचा अभ्यास करायचा, तिचं दुखणं शोधायचं आणि उपाय सुचवायचा. आमच्या गटात सेठजी, मी, एका बँकेचे अधिकारी आणि एका खाजगी हॉस्पिटलच्या मेट्रन होत्या. बँकेच्या अधिकाऱ्यांना बढतीसाठी हा कोर्स हवा होता, आणि ते कुठलंही वाक्य असं बोलायचे की उद्या कुणी चौकशी केलीच तर त्यात काही सापडू नये. मेट्रन त्यांच्या अगदी उलट. त्यांना आम्ही सगळे सिस्टर म्हणायचो. उंच, सावळ्या, आवाज असा की वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाचा पेशंटही गोळी गिळेल. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी त्यांना धाडलं होतं, कारण डॉक्टरांना स्वतःला वेळ नव्हता.

कुठली संस्था घ्यायची हा प्रश्न निघाला. सेठजींनी छाती पुढे काढली आणि म्हणाले, अपनी मिल है ना. मी वहीत मिलचा पत्ता लिहून घेतला, जो मला पाठ होता.

सिस्टर पहिल्यांदा मिलमध्ये आल्या त्या दिवशी मंगळवार होता, त्यांची सुट्टी. सेठजींनी त्यांना सगळी मिल फिरून दाखवली, मशीनसमोर उभं करून मशीनची तारीफ केली, पेढे दिले. सिस्टर एका कोपऱ्यात खुर्ची टाकून बसल्या आणि दुपारपर्यंत नुसत्या बघत राहिल्या. मुकादम विचारायला आला, ताडपत्री निळी लावायची की काळी. सेठजींनी विचार केला. ड्रायव्हर विचारायला आला, गाडी मागच्या दाराने लावू की पुढच्या. सेठजींनी जाऊन बघितलं. वजनकाट्याच्या खोलीतला दिवा बऱ्याच दिवसांपूर्वी गेला होता, तो अजून गेलेलाच होता, कारण दिवा कुठल्या दुकानातून आणायचा हे ठरत नव्हतं. जवळच्या दुकानाचा मालक सेठजींच्या नातवाच्या जावळाला आला नव्हता आणि दूरच्या दुकानात जायला माणूस मोकळा नव्हता. काट्याचा बाबू मोबाइलच्या उजेडात आकडे वाचत होता. कुणीतरी सेठजींना विचारायला आलं की चहात आलं घालू का. सेठजींनी यावरही विचार केला.

निघताना सिस्टरांनी फाटकाशी उभ्या असलेल्या ड्रायव्हरला सहज विचारलं की कुठल्या दिवशी काम बरं चालतं.

"शनवार-रविवारी," तो म्हणाला. "गाडी लवकर भरते. कोनी इचाराले नसते."

हमालांनी तेच सांगितलं. मुकादमाने इकडेतिकडे बघून तेच सांगितलं. सिस्टर माझ्याकडे वळल्या. मी स्कूटीची किल्ली शोधत होते, जी माझ्या हातात होती. शनिवार-रविवारी सेठजी कॉलेजात, फोन बंद, आणि मिल झरझर चालते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मिलमध्ये ते सगळ्यांनाच माहीत होतं. फक्त ते शोधून काढायला पदव्युत्तर शिक्षण लागलं.

"लिहायचं ना हे?" सिस्टरांनी विचारलं.

मी म्हटलं की लिहिणं माझं काम आहे, पण मला नोकरीही करायची आहे. त्या म्हणाल्या, "तू लिही. बोलेन मी. मला त्यांच्याकडून पगार नाही."

मी लिहिलं. स्वयंपाकघरात बसून, सासूबाई झोपल्यावर. 'निर्णयांसाठी संपूर्ण संस्था मालकांवर थांबून राहते' हे वाक्य लिहायला मला जितका वेळ लागला तितक्यात एरवी मी जी.एस.टी.चं विवरण भरते. लिहून झाल्यावर नवऱ्याला वाचून दाखवलं. ते म्हणाले, "खरं आहे. पण खरं लिहून कोणाचं भलं झालं आहे?" आणि कूस बदलून झोपले.

सादरीकरण नवरात्रात होतं. सेठजी नवा कुडता घालून आले होते. त्यांनी अहवाल वाचला नव्हता, कारण लिहिलेलं वाचणं हे आमच्या वाटणीत कुणाच्याच वाट्याला आलेलं नव्हतं. सरांबरोबर कॉलेजचे प्राचार्यही समोर बसले होते. पडद्यावरच्या पाट्या बँकेच्या अधिकाऱ्यांनी तयार केल्या होत्या, आणि मुख्य पाटी आली तेव्हा मी बघतच राहिले. माझं वाक्य गायब होतं. त्याजागी होतं, 'अतिकेंद्रित निर्णय-संरचनेमुळे उद्भवणारी प्रवाहबाधा'. बँकेचे अधिकारी ते वाचून दाखवून घाम पुसत बाजूला झाले.

सेठजी मान हलवत होते. "एकदम बरोबर," ते प्राचार्यांना म्हणाले. "यही प्रॉब्लेम है हमारे यहाँ."

मला वाटलं, सुटलो. आता टाळ्या पडतील आणि सगळे समोसे खायला जातील. पण सिस्टर उठून उभ्या राहिल्या.

"सेठजी, याचा अर्थ मी सांगते," त्या म्हणाल्या. "मिल मशीनमुळे थांबत नाही, मजुरांमुळेही नाही. ती तुमच्यामुळे थांबते. तुम्ही इथे असता ते दोन दिवस ती चांगली चालते."

कूलर त्या दिवशी बंद होता. कूलर चालू असायला हवा होता, असं मला त्या क्षणी फार वाटलं. सेठजींनी सिस्टरांकडे पाहिलं नाही, सरांकडेही नाही. ते खुर्चीत वळले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, ये सही है?"

मी त्यांच्याकडे लग्नाआधी कामाला लागले. माझ्या लग्नात त्यांनी तांदूळ पाठवला होता, मूल झालं तेव्हा बायकोला घेऊन बघायला आले होते. त्यांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. त्यांनी फक्त कधी मला एकटीला दिवा आणू दिला नाही. मी म्हटलं, "हो, सेठजी. सही आहे."

सरांना हे सगळं म्हणजे शैक्षणिक आनंद वाटला. ते उठून म्हणाले की इतका प्रामाणिक निष्कर्ष त्यांनी कुठल्याच वर्गात पाहिला नाही, आणि संस्थापक हाच अडथळा असल्याचं हे उत्तम उदाहरण आहे. प्राचार्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. आमच्या गटाला वर्गात सगळ्यात जास्त गुण मिळाले. सेठजी त्या गटात असल्यामुळे तेवढेच गुण त्यांनाही मिळाले. स्वतःच्या मिलमधला सर्वात मोठा अडथळा असल्याबद्दल विशेष प्रावीण्य मिळवणारा दुसरा माणूस आमच्या जिल्ह्यात असेल असं मला वाटत नाही.

सेठजींनी समोसा खाल्ला नाही. खुर्ची गाडीत ठेवायला लावली आणि निघून गेले.

सोमवारी मी मिलमध्ये गेले ती राजीनाम्याची भाषा मनात जुळवतच. सेठजी आले, पण केबिनमध्ये गेले नाहीत. माझ्या टेबलासमोर उभे राहिले, कुडत्याच्या खिशातून तिजोरीच्या आणि गोदामाच्या किल्ल्या काढल्या आणि ठेवल्या. "अब आप देखो," म्हणाले. मी काही बोलणार तोवर गाडी सुरू झालीही होती. मामाजी रिकाम्या खुर्चीच्या उजव्या हाताला बसून राहिले. दुपारनंतर त्यांनी स्वतःची खुर्ची उचलून माझ्या टेबलाच्या उजव्या हाताला आणली. मी मुकादमाला म्हटलं, दिवा जवळच्याच दुकानातून आणा. मामाजी म्हणाले, "बिलकुल."

मिल चालली. फार थोर काही झालं असं नाही. एकदा मी ओलं धान चांगलं समजून उतरवून घेतलं आणि ड्रायर नको इतका चालवावा लागला. पण गाड्या वेळेवर निघत होत्या, आणि चहात आलं पडत होतं. मी मोठ्या माणसासारखी खुर्चीत मागे रेलून बसायला शिकले. अभ्यासक्रमात याला आत्मविश्वास म्हणतात. घरी सासूबाई याला वेगळं काही म्हणत होत्या.

मग दिवाळीच्या आधी भाभीजींचा, म्हणजे सेठजींच्या बायकोचा फोन आला. एरवी त्या लग्नपत्रिका पोचली का एवढंच विचारायला फोन करतात. त्या दिवशी त्यांचा आवाज थकलेला होता.

सेठजी घरी बसले होते आणि घरात एक संस्था आहे हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. पोळ्या करणाऱ्या बाईला रोज संध्याकाळी तोंडी अहवाल द्यायला लावला होता. बाई अहवाल देत होती आणि दुसरं घर शोधत होती. कोणतीही वस्तू घरात साठवायची नाही, लागेल तेव्हाच आणायची, असं जपानी मोटारवाल्यांचं तत्त्व त्यांनी सरांकडून उचललं होतं. ते त्यांनी बेसनाला लावलं. ऐन फराळाच्या दिवशी घरात बेसन नव्हतं, आणि दुकानात गेलेला नोकर कुठलं बेसन आणू हे विचारायला दुकानातूनच फोन करत होता.

"मॅडम, इनको वापस ले लो," भाभीजी म्हणाल्या. "इतने साल घर मैंने चलाया है. मुझे कोर्स नहीं करना."

दिवाळी झाली आणि नवीन धान सुरू झालं. आमगाव, देवरी, गोरेगाव, सगळीकडून ट्रॅक्टर येऊन रस्त्यावर उभे राहू लागले. मी सेठजींना फोन केला आणि म्हटलं की जरा येऊन जा. त्यांनी कारण विचारलं नाही. दुपारी आले. केबिनकडे वळले, मग थांबले आणि पडवीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. मी दुसरी खुर्ची ओढून शेजारी बसले. माणूस थोडा बारीक झाला होता.

"आपने पहले क्यूँ नहीं बोला?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "तुम्ही कधी विचारलं नाही, सेठजी."

त्यावर ते हसतील किंवा रागावतील असं वाटलं होतं. तसं काहीच झालं नाही. ते म्हणाले की त्यांच्या वडिलांनी मिल त्यांच्या हातात दिली तेव्हा एकच गोष्ट सांगितली होती, सगळं स्वतः बघ. ते बघत राहिले. कुणी विचारायला आलं की त्यांना वाटायचं, आपली गरज आहे. आता घरी बसल्यावर दिवसभर फोन वाजत नाही. फोन बिघडला की काय म्हणून त्यांनी दोनदा दुरुस्तीच्या दुकानात नेऊन दाखवला. दुकानदार म्हणाला, फोन चांगला आहे.

हे सांगताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मीही बघितलं नाही. त्या क्षणी मला त्यांचा फार राग येत होता आणि फार वाईटही वाटत होतं, आणि या दोन्हींचं एकत्र काय करायचं हे कुठल्याच सत्रात झालं नव्हतं.

मी सांगितलं की धान पारखायला तुम्ही हवे आहात. ओल्या धानाची माझी हकीकतही सांगून टाकली. रोज दुपारी या, पडवीत बसा, येणारं धान बघा, घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. बाकी ताडपत्री, सुतळी, दिवे, चहा हे माझ्याकडे. त्यांनी छताकडे बघितलं. पडवीला पत्रा आहे, त्यावर एक पाल होती. दोघांनी बराच विचार केला असावा. मग सेठजी म्हणाले, ठीक आहे, पण कोणी विचारायला आलं तर? मी म्हटलं, त्याला माझ्याकडे पाठवा. ते म्हणाले, कोशिश करूँगा.

त्याच वेळी तांदळाचा एक ट्रक भरून निघायचा होता आणि दुसरा आत यायचा होता. आत येणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर नवा होता. तो गाडी मागे घेऊ लागला आणि चाक नालीकडे जायला लागलं. सेठजी खुर्चीतून अर्धे उठले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा बसले. मुकादम धावत पुढे गेला. सेठजी बसूनच राहिले, तोंड घट्ट मिटून. फक्त गुडघ्यावर ठेवलेला त्यांचा उजवा हात, चार बोटं, ट्रक जागेवर लागेपर्यंत हलत होता. मागे, मागे, अजून थोडं मागे, बस.